धम्मप्रवासातला आमचा संसार

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या कार्यक्रमात झालेले भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी काही व्यासपीठावरची वक्ती नाही. बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि बाराखडी शिकवली, तेवढाच बोलण्याचा अनुभव. पण महिला मंडळाच्या ताईंनी आग्रह धरला, की तुम्ही दोघे पाच महिने बुद्धाच्या देशांमधून फिरून आलात, त्याचे दोन शब्द सांगा. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. आम्ही २०१८ च्या दिवाळीच्या सुमारास निघालो आणि २०१९ च्या मार्चअखेर परत आलो. तेव्हापासून जो भेटेल तो एकच विचारतो, "काय काय पाहिलंत?" सारनाथ पाहिले, लुंबिनी पाहिली, रंगूनचा श्वेडगॉन पाहिला, कॅण्डी पाहिली. फोटो आहेत, घरी या, दाखवीन. पण "दोघं पाच महिने राहिलात कसे?" हे मला कोणी विचारले नाही. म्हणून आज मी त्याच्यावरच बोलणार आहे. आमचे मिस्टर मागे बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सगळे सांगते.

आमचे लग्न १९८४ चे. हे नाशिकरोडच्या नोटांच्या कारखान्यात, मी शाळेत. दोघांची नोकरी, मुलांची शिक्षणे, सासूबाईंचे आजारपण, घराचे हप्ते. चौतीस वर्षे एका घरात राहिलो, पण खरे सांगू का, आम्ही एकमेकांना भेटलो ते सकाळी डबा देताना आणि रात्री जेवण वाढताना. २०१८ साली मी निवृत्त झाले. हे आधीच झाले होते. मुले आपापल्या संसारात. तेव्हा हे म्हणाले, "बाबासाहेब जिथं जिथं गेले तिथं जाऊन येऊ." मी म्हटले, "सहलीच्या गाडीतून नको. पळापळ होते. आपण आपलं राहत राहत जाऊ." हे लगेच हो म्हणाले, आणि तिथूनच सुरुवात झाली.

सामानाचा नियम असा ठरला, की ज्याने त्याने आपली बॅग आपणच उचलायची. प्रत्येकी कपड्यांचे तीन जोड, पौर्णिमेसाठी माझी एक पांढरी साडी आणि ह्यांचा एक पांढरा सदरा. कपडे वाळत घालायची दोरी. एक विजेची किटली. शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, मुगाची डाळ आणि थोडे तांदूळ. ह्यांच्या साखरेच्या गोळ्या आणि माझ्या गुडघ्याचे तेल. आणि बाबासाहेबांचा व बुद्धांचा एकत्र असलेला छोटा फोटो. ज्या खोलीत उतरायचो तिथे आधी तो फोटो मांडायचा, मेणबत्ती लावायची, त्रिसरण-पंचशील घ्यायचे, मग बॅगा उघडायच्या. एवढे केले की ती खोली आपली वाटायची. तुम्हाला हसू येईल, पण विजेच्या किटलीत मुगाची खिचडी होते! आधी पाणी उकळायचे, तांदूळ-डाळ टाकून बंद करायची, दहा मिनिटांनी पुन्हा चालू. तीन वेळा केले की दोघांपुरती खिचडी तयार.

महानगरी एक्सप्रेसने वाराणसी, तिथून सारनाथ, मग कुशीनगर. कुशीनगरला बर्मी विहाराच्या धर्मशाळेत उतरलो. पूज्य भन्ते चंद्रमणी याच कुशीनगरचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्यांनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना धम्मदीक्षा दिली. दोघांना बरोबरच. हे मी शाळेत कितीदा सांगितले असेल, पण 'दोघांना' या शब्दाकडे माझे लक्ष तिथे पहिल्यांदा गेले.

पुढे सोनौलीची हद्द ओलांडून लुंबिनी. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. मात्र आपली पाचशेची नोट तिथे कोणी घेईना, म्हणून शंभराच्या नोटांचे बंडल पोटाशी बांधून नेले. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ पाहिला. महामाया माहेरी निघाली होती आणि वाटेत, प्रवासात, बुद्धाचा जन्म झाला. बाई प्रवासात असली म्हणजे तिचे काय काय होते, हे त्या मातेला विचारावे!

लुंबिनीत माझा गुडघा सुजला. खाली बसता येईना. दोन दिवस कपडे साठले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डोळे उघडले तर बाहेर नळावर धोपटण्याचा आवाज. हे माझी साडी धूत होते. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. साबण नीट निघाला नव्हता, पिळलीही नव्हती, दोरीवरून पाणी गळत होते. मी काही बोलले नाही. ती साडी तशीच नेसले.

आता काठमांडूची गोष्ट. ती जरा मन लावून ऐका.

स्वयंभूनाथच्या स्तूपाला पूर्वेकडून तीनशे पासष्ट पायऱ्या आहेत. गर्दी टाळायची म्हणून आम्ही पहाटे निघालो. ह्यांनी गोळी घेतली, पण खाल्ले काही नाही. म्हणाले, "वर जाऊन खाऊ." दोनशेएक पायऱ्या चढल्यावर मागे वळून पाहते तर हे खाली बसलेले. थंडीत घाम, हात थरथरतायत, बोलणे जड. साखर एकदम उतरली होती. माझी पिशवी खोलीवर. मी ओरडले. फुले विकणारी एक नेपाळी बाई धावत आली. तिने आपल्या थर्मासमधला चहा दिला, त्यात आणखी साखर घातली. अर्ध्या तासाने ह्यांच्या तोंडावर रंग आला. त्या बाईने पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण हेच ते काठमांडू. नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब इथे आले होते. २० नोव्हेंबरला त्यांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावरचे ते प्रसिद्ध भाषण केले. तिथून सोळाव्या दिवशी, ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण झाले. मधुमेह, रक्तदाब, पायांचे दुखणे, सगळे अंगावर घेऊन हा महामानव काठमांडूला आला, परतीच्या वाटेवर सारनाथ, कुशीनगर करत दिल्लीला गेला. आणि बरोबर कोण होते? माईसाहेब होत्या. १९५० मध्ये श्रीलंकेत कॅण्डीच्या परिषदेला गेले तेव्हाही त्या बरोबर होत्या. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या परिषदेला गेले, तेव्हाही.

मी एका माणसाची साखर सांभाळत होते, तेही गोळ्यांवरची, तेही निवृत्त, घाई नसलेल्या माणसाची, तरी माझी ही गत. ज्यांना क्षणाची उसंत नाही, ज्यांच्याकडे कोट्यवधी माणसे डोळे लावून बसली आहेत, अशा माणसाचे पथ्यपाणी, औषध, इंजेक्शन परमुलखात सांभाळायचे म्हणजे काय असेल? माईसाहेब मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून शिकलेल्या डॉक्टर होत्या. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ ला प्रस्तावना लिहिली. त्यात आपले आयुष्य वाढले ते पत्नीमुळे आणि डॉ. मालवणकरांमुळे, असे त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले होते. १९५७ साली ग्रंथ छापून आला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती.

बंधुभगिनींनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या घरी, आमच्या गल्लीत, मी लहानपणी माईसाहेबांबद्दल फार वाईट ऐकले. पुढे मीही तेच बोलले. काही वाचले नव्हते, काही तपासले नव्हते, ऐकले ते बोलले. त्या बाईंनी आपल्याच माणसांचे बोल सोसून कितीतरी वर्षे काढली. २९ मे २००३ ला मुंबईत त्या गेल्या. मी शिक्षिका असून एकदाही विचार केला नाही. स्वयंभूच्या पायरीवर ह्यांचे डोके मांडीवर घेऊन बसले, तेव्हा मला ते कळले. रमाईने दारिद्र्य सोसून बाबासाहेबांना परदेशी जाऊ दिले, घर धरून ठेवले. माईसाहेब आजारी बाबासाहेबांबरोबर परदेशी गेल्या. दोघींचे कष्ट आपल्या कामी आले. एकीला वर बसवण्यासाठी दुसरीला खाली ढकलायची गरज नाही.

त्या दिवसापासून माझ्या पिशवीत साखरेची पुडी आणि दोन केळी कायम. आणि न्याहारी केल्याशिवाय खोलीबाहेर पाऊल नाही.

काठमांडूहून रक्सौल-पाटणा करत बोधगया, आणि तिथून विमानाने ब्रह्मदेश. त्या हंगामात गयेहून थेट यांगूनला, म्हणजे आपल्या जुन्या रंगूनला, विमान जात होते. त्यात आम्ही दोघे सोडले तर बहुतेक सगळे बोधगयेचे दर्शन करून परतणारे बर्मी उपासक. एका आजीने माझ्या हातात लाह्यांचा लाडू ठेवला. भाषा येत नव्हती, पण तिने हात जोडून त्रिसरण सुरू केले आणि मी तिच्याबरोबर म्हटले. उच्चार मात्र वेगळे. आपला 'स' तिथे 'थ' सारखा होतो. तरी पाली ती पालीच. पाच महिने आमची खरी दुभाषी पालीच होती.

यांगूनला एक गंमत झाली. ब्रह्मदेशात डॉलरची नोट कोरी करकरीत लागते. घडी पडलेली, डाग असलेली कोणी घेत नाही. ह्यांनी डॉलर पाकिटात दुमडून ठेवलेले! पैसे बदलणाऱ्या पोराने नोट उजेडात धरली आणि परत दिली. मी म्हटले, "सगळा जन्म नोटा छापण्यात गेला, आणि तुमचीच नोट चालेना." त्या दिवशी आम्ही फार हसलो. मग उरलेल्या नोटा वंदनेच्या पुस्तकात ठेवून वर बॅगा रचल्या.

तिथले दिवस असे जात. पहाटे उठून वंदना. मग रस्त्यावर भिक्खूंची रांग जाते, घराघरांतून नवरा-बायको दोघे मिळून पातेले घेऊन उभी असतात आणि पळीने भात वाढतात. न्याहारीला मोहिंगा, म्हणजे माशाच्या रस्स्यात तांदळाच्या शेवया. तिथल्या वाटलेल्या मासळीला वास फार, पण सुकट-बोंबील खाणाऱ्या माणसाला त्याचे नवल काय! पॅगोड्यात पायमोजेसुद्धा चालत नाहीत, म्हणून फिरणे दहाच्या आत. नंतर फरशी अशी तापते, की पाय उचलत पळावे लागते. दुपारी धुणे, झोप, हिशेब. संध्याकाळी पुन्हा पॅगोडा. कबा ए पॅगोड्याजवळच्या त्या मोठ्या गुहेतही जाऊन बसलो, जिथे १९५४ ते १९५६ या काळात सहावी धम्मसंगीती झाली. आणि डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब या रंगूनहून परतले, ते २५ डिसेंबरला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्ती बसवायला. ती मूर्ती रंगूनची. आमच्या लग्नानंतर सासऱ्यांनी आम्हाला पहिले दर्शनाला नेले ते देहूरोडलाच.

आता मंडाले. आपल्या इगतपुरीला धम्मगिरी उभारणारे सत्यनारायण गोएंका गुरुजी याच मंडालेत जन्मले. इथे महामुनी बुद्धांची मोठी पूज्य मूर्ती आहे. पहाटे चार वाजता त्या मूर्तीचे मुख धुण्याचा विधी असतो. लोक सोन्याचा वर्ख विकत घेतात आणि मूर्तीला लावतात. लावून लावून अंगावर सोन्याचा जाड थर चढला आहे.

आम्ही साडेतीनलाच गेलो. वर्खाची पुडी घेतली. पायऱ्यांशी गेलो तर कळले, वर फक्त पुरुषांनी जायचे. बायांनी समोर खाली बसायचे, लांबून पाहायचे. हे पुडी घेऊन वर गेले. मी शेकडो बायांमध्ये खाली बसले. त्या बिचाऱ्या हात जोडून डोळे मिटून बसल्या होत्या. मलाच तेवढे बसवेना.

खोलीवर आल्यावर हे आनंदात होते. माझ्या तोंडून एक शब्द निघेना.

"काय झालं?"

"काही नाही."

संध्याकाळी मात्र राहवले नाही. मी म्हटले, "तुमचे आजोबा १९३० साली काळारामाच्या दाराशी सत्याग्रहाला बसले होते ना? दर सहा डिसेंबरला सांगता मुलांना."

हे म्हणाले, "अगं, तो त्यांच्या देशाचा रिवाज. आपण पाहुणे. बुद्धाने कुठं सांगितलंय बायांना वर येऊ नका म्हणून? माणसांनी केलेलं आहे ते."

"ते मला कळतं," मी म्हटले. "पाहुणी म्हणून मी गप्प बसलेच की. पण तुम्ही पायऱ्या चढताना एकदा मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीत, मी कुठं बसले ते."

बंधुभगिनींनो, मग दोन दिवस आम्ही बोललो नाही. घरी अबोला धरायला स्वयंपाकघर असते, गच्ची असते, शेजारीण असते. दहा बाय दहाच्या खोलीत, एका किटलीवर, परक्या मुलखात अबोला धरणे काय असते, ते मी अनुभवले आहे. किटलीतली खिचडी दोन ताटल्यांत वाढायची आणि दोघांनी दोन भिंतींकडे तोंड करून खायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी कमरेचा पट्टा सोडून माझ्यासमोर ठेवला. त्यात पासपोर्ट, पैसे, सगळे. म्हणाले, "आजपासून हिशेब तू बघ. कुठं जायचं, किती दिवस राहायचं, तूच सांग. आजपर्यंत मी तुला माझ्यामागं फिरवलं."

माफीबिफी काही मागितली नाही. पण मला सिगालोवाद सुत्त आठवले. आपल्या विहारात वर्षावासात ते वाचले जाते. त्यात पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पत्नीचा सन्मान करणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, तिच्याकडे अधिकार सोपवणे आणि तिला अलंकार देणे. अलंकाराचे आपल्याला सगळ्यांना लक्षात राहते. अधिकार सोपवायचे कोणाच्या लक्षात राहते? अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी गृहस्थाला सांगून ठेवले आहे!

मी ठरवले, इरावती ओलांडून सगाईंगला जायचे. तिथल्या डोंगरावर शेकडो विहार आहेत आणि गुलाबी चीवर घालणाऱ्या, मुंडण केलेल्या साधिका राहतात. त्यांना थिलाशिन म्हणतात, म्हणजे शील धारण करणारी. लहान लहान मुलीसुद्धा पाली पाठ करत बसलेल्या. एक वयस्क साधिका मुलींना शिकवत होती, अगदी माझ्या शाळेसारखे, हातवारे करून. आम्ही दोघांनी मिळून तिथे तांदूळ दान केले. पोते उचलून आणले ह्यांनी, दान दिले माझ्या हाताने. ज्या देशात मला मूर्तीजवळ जाऊ दिले नाही, त्याच देशात धम्म शिकवणाऱ्या बायाही पाहिल्या. दोन्ही खरे आहे.

२८ मार्च २०२५ ला मंडाले-सगाईंगला मोठा भूकंप झाला. इरावतीवरचा जुना पूल पडला, महामुनीच्या मंदिराचीही पडझड झाली. आम्ही टीव्हीसमोर बसून होतो. हे एवढेच म्हणाले, "त्या शिकवणाऱ्या बाई कशा असतील गं?" अजून आम्हाला माहीत नाही.

आता माझीही बाजू सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नवऱ्यालाच बोलते. पैसे माझ्याकडे आल्यावर चौथ्याच दिवशी बागानला घोडागाडीवाल्याला मी दुप्पट भाडे दिले. शून्ये मोजताना चुकले. त्यांच्या पैशांत शून्ये फार. ह्यांनी पाहिले, पण बोलले नाहीत. तेव्हा मला कळले, की इतकी वर्षे ह्यांनी वाहिलेल्या काळजीला मी 'चिडचिड' म्हणत होते. आणखी एक. घरी मी ह्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नव्हते. "तुम्हाला नाही जमायचं, व्हा बाजूला." म्हणजे माझ्याजवळचा अधिकार मीही सोडत नव्हते. पुढे बँकॉकला पंधरा दिवस होतो, तिथे ह्यांनी किटलीची खिचडी करायला घेतली. पहिल्या दिवशी करपली. दुसऱ्या दिवशी कच्ची. चौथ्या दिवशी जमली. मी बाजूला बसून तोंड बंद ठेवायला शिकले. खिचडी करण्यापेक्षा ते अवघड होते!

शेवटचा महिना श्रीलंकेत. तिथे प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी. सगळे गाव पांढरे कपडे घालून विहारात. मी पांढरी साडी नेसून गेले, तर मला कोणी परकी म्हणेना. कॅण्डीला दंतधातू विहाराच्या तळ्याकाठी दोघे बसलो आणि १९५० साली बाबासाहेब-माईसाहेब या गावी आले होते हे आठवले. तेव्हा दीक्षेला अजून सहा वर्षे होती. अनुराधापूरला महाबोधी वृक्ष पाहिला. ती फांदी भारतातून कोणी नेली? संघमित्रेने, सम्राट अशोकाच्या लेकीने. धम्माची ती जिवंत ठेव एका बाईच्या हाताने समुद्रापार गेली. आणि २०२३ साली त्याच अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी आपल्या त्रिरश्मी लेण्याच्या पायथ्याशी लावली गेली. आम्ही दोघे त्या गर्दीत उभे होतो.

पाच महिन्यांत दोघांना मिळून साधारण साडेतीन लाख खर्च आला. पेन्शनमधून जमवलेले. चैन नाही केली, पण कुठे उपाशीही राहिलो नाही. परत आलो तेव्हा चटणीचा रिकामा डबा आणि ती किटली तेवढी बरोबर होती. किटली अजून चालू आहे.

घरी आल्यावर आम्ही दोघे त्रिरश्मीला गेलो. तुम्ही सगळे जाता, पोरांना घेऊन जाता. दहाव्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. भडोच, सोपारा, प्रभास, कुठे कुठे फिरून त्याने दाने दिली, त्याची मोठी यादी आहे. त्याच लेण्यात त्याच्या बायकोचा, दक्षमित्रेचा, वेगळा लेख आहे. तिने आपल्या नावाने एक खोली दान दिली. लेखात शब्द आहे 'ओवरक', म्हणजे आपली ओवरी. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या दगडावर नवऱ्याचे दान नवऱ्याच्या नावाने आणि बायकोचे दान बायकोच्या नावाने लिहिले गेले. हे वाचायला मला आधी लुंबिनी, काठमांडू, मंडाले फिरून यावे लागले. लेणे आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर!

आता शेवटी एक विनंती करते आणि माझे भाषण संपवते. या विहाराला इतकी वर्षे झाली. वैशाख पौर्णिमेला खीर कोण करते? महिला मंडळ. भोजनदानानंतर पातेली कोण घासते? महिला मंडळ. आणि हिशेबाची वही, दानपेटीची चावी कोणाकडे असते? समितीतले बंधू माझ्या भावासारखे आहेत, कोणी राग मानू नये. त्यांनी चोख हिशेब ठेवला आहे. पण पुढच्या वर्षी वही आणि चावी महिला मंडळाकडे द्यावी. आम्ही एखादे शून्य चुकू, मग शिकू. आणि पातेली घासायला बंधूंनी यावे. साबण नीट निघाला नाही तरी आम्ही काही बोलणार नाही. या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी रमाईचा फोटो आहे, त्याला आपण हार घालतो. तिथे माईसाहेबांचाही एक फोटो असावा, असे मला मनापासून वाटते. फ्रेम आमच्याकडून.

तरुण जोडप्यांना एवढेच सांगते, की परदेशीच जायला पाहिजे असे नाही. आठ दिवस सांचीला जा, नागपूरला जा. पण दोघेच जा, आपापली बॅग आपण उचला, आणि पायऱ्या चढताना एकदा मागे वळून पाहा.

काही चुकले असेल तर आपली बहीण समजून समजून घ्या.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम! नमो बुद्धाय!